धरणगावची भिल्ल पलटण

आमचा धाकटा नातू पुण्याला विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र शिकतो. दिवाळीत जळगावला आला तेव्हा त्याची वही सहज चाळली. (मास्तरकी सुटली तरी वही दिसली की हात जातोच.) अंतर्गत सुरक्षा, दहशतवादाचा प्रतिकार, बंडखोरीचा बंदोबस्त असे एकेक प्रकरण होते आणि उदाहरणे मलायाची, उत्तर आयर्लंडची, व्हिएतनामची. मी विचारले, "यात धरणगाव कुठे आहे रे?" त्याला वाटले, आबा थट्टा करताहेत. "धरणगावला काय झालं होतं, आबा?"

म्हटले, लिहूनच काढू. नातवासाठी म्हणून सुरुवात केली, पण ब्लॉगवरच्या मंडळींनाही, विशेषतः खानदेश सोडून मुंबई-पुण्याला आणि त्याहून लांब गेलेल्या आपल्या नातलगांना, हे वाचायला हरकत नाही.

धरणगाव म्हटले की आपल्याला बालकवी आठवतात. त्यांचा जन्म तिथला, १८९० सालचा. त्यांच्या जन्माच्या पुढच्याच वर्षी धरणगावातली सहासष्ट वर्षांची एक गोष्ट संपली. तिचे सरकारी नाव होते 'खानदेश भिल्ल कोअर'. आपण भिल्ल पलटण म्हणू. १८२५ साली ती उभी राहिली, १८९१ साली पोलिसांत विलीन झाली. सिमकॉक्स नावाच्या एका आयसीएस अधिकाऱ्याने १९१२ साली तिच्यावर एक आख्खे पुस्तक लिहिले. १८८० चे खानदेश गॅझेटियर तर आता घरबसल्या संगणकावर वाचता येते. ज्यांना सवड आहे त्यांनी जरूर वाचावे, भिल्लांवरची पाने आधी वाचावीत.

आता थोडे मागे जाऊ. भिल्ल म्हणजे लुटारू असे इंग्रजांच्या कागदात पानोपानी लिहिले आहे. आपल्याकडच्या जुन्या म्हाताऱ्याही मुलांना भिल्लांचे भय घालत. पण गंमत अशी की खानदेशातल्या कितीतरी गावांची राखण परंपरेने भिल्लांकडेच होती. गावचा जागल्या भिल्ल, पिकांवर नजर ठेवणारा भिल्ल, चोराचा माग काढणारा भिल्ल. घाटांतली वाट सांभाळणारे नाईक भिल्लच. त्याबद्दल त्यांना गावाकडून धान्याचा वाटा मिळे, वाटसरूंकडून घाटाचा हक्क मिळे. सुरक्षा हा शब्द कुणी ऐकला नव्हता तेव्हा ती व्यवस्था चालू होती आणि तिचा पगार धान्यात होता.

ही व्यवस्था मोडली ती होळकर-शिंद्यांच्या भांडणात. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या, पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. गावेच्या गावे उठली. आता गावच राहिले नाही तर जागल्याला धान्य कोण देणार? राखणदार डोंगरात गेला आणि जे राखत होता तेच लुटू लागला. सातपुडा उत्तरेला, सातमाळा दक्षिणेला, मध्ये तापीकाठची काळी जमीन. लुटून पळायला याहून सोयीचा मुलूख दुसरा नसेल.

पेशवाईतल्या कारभाऱ्यांनी यावर जो उपाय केला तो सांगताना मला लाज वाटते, पण सांगायला हवा. पेशव्यांच्या बाळाजी लक्ष्मण या अंमलदाराने १८०४ साली कोपरगावला भिल्लांना बोलणी करायला म्हणून बोलावले आणि जमलेल्यांना पकडून विहिरींत टाकून मारले. आकडा किती ते मी इथे देत नाही, कारण अशा आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही. पण 'बोलावतात आणि मारतात' ही गोष्ट डोंगराडोंगरातून गेली असणार. पुढच्या कथेत ती येणार आहे.

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला. तोही सुखासुखी नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये थाळनेरच्या किल्ल्यावर सर थॉमस हिस्लॉपने शरण येण्याच्या बोलण्यात गोंधळ झाल्यावर आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिले. खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटात त्यावर टीका झाली. मालेगावला अरबांनी इंग्रजांना दमवले. किल्ले पडले, अरब गेले, पण भिल्ल राहिले. त्यांना पाडायला किल्लाच नव्हता.

खानदेशचा पहिला इंग्रज कारभारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्याने दोन्ही हातांनी काम केले. एका हाताने डोंगरावर फौजा पाठवल्या, दुसऱ्या हाताने नाईकांना पेन्शन आणि घाटराखणीचा पगार देऊ केला. माणूस वाईट नव्हता. पण आज पेन्शन, उद्या छापा, अशाने कुणाचा विश्वास बसणार? लष्कराचे हाल वेगळेच. सातमाळ्याच्या पायथ्याशी शिपाई हिवतापाने पडत. त्यातून त्रिंबकजी डेंगळ्यांचे पुतणे भिल्लांना उठवत होते. १८२५ साली बागलाणात एका लोहाराने साताऱ्याच्या महाराजांच्या नावाची बनावट कागदपत्रे दाखवून शेकडो भिल्ल गोळा केले. सात वर्षे बंदूक चालवून सरकार होते तिथेच होते.

तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. १८२५ मध्ये तीन भिल्ल एजन्स्या काढल्या. नंदुरबारकडच्या भागासाठी कुकरमुंडा, दक्षिणेसाठी घाटावरचे कन्नड आणि ईशान्य भागासाठी धरणगाव. कन्नडला ओव्हान्स नावाच्या अधिकाऱ्याने भिल्लांना जमीन, बैल, बियाणे, तगाई देऊन वसवायचे काम हाती घेतले. धरणगावला पलटण उभारायची होती. ते काम बावीस वर्षांच्या एका लेफ्टनंटकडे आले. त्याचे नाव जेम्स औट्रम.

चाळीसगावहून कन्नडला जाताना जो घाट लागतो त्याला औट्रम घाट म्हणतात, तोच हा औट्रम. ट्रकवाले नुसता कन्नड घाट म्हणतात आणि कोंडीत अडकले की आणखीही काही म्हणतात. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या त्या घाटात तासन्‌तास खोळंबलेल्या किती जणांना माहीत असेल की हे नाव एका सोजिराचे आहे!

भिल्लांतून शिपाई करायचे ही कल्पना ऐकून इतर अधिकारी हसले होते. औट्रमने आधी एका डोंगरावर छापा घालून काही माणसे धरली. मग धरलेल्यांपैकी काहींना सोडून त्यांच्याच तोंडी डोंगरात निरोप धाडला आणि स्वतः पहारा न घेता त्यांच्यात जाऊन राहिला. त्यांच्याबरोबर शिकार केली, त्यांच्यात जेवला, त्यांच्यातच झोपला. त्याच्या चरित्रकारांनी खानदेशातल्या दहा वर्षांत त्याच्या शिकारीत मेलेल्या वाघांचा हिशेब दिला आहे, तो दोनशेच्या जवळ जातो. (आज यावलच्या जंगलात वाघाचा नुसता ठसा दिसला तरी पेपरात बातमी येते.) सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रंगरूट आले. बाकीच्यांना भीती होती की आपल्या सगळ्यांना एका जागी गोळा करून मारायचा हा डाव आहे. इंग्रज लेखक हा भिल्लांचा अडाणी संशय म्हणून सांगतात. मला तसे वाटत नाही. कोपरगावला जेमतेम एकवीस वर्षे झाली होती. ज्याच्या बापाला बोलावून विहिरीत टाकले, त्याने दुसऱ्यांदा बोलावल्यावर शंका घेतली तर त्यात अडाणीपण कसले? ते तर शहाणपण झाले.

तरीही ते आले. हळूहळू पलटण काहीशेंची झाली. ज्यांना कुणी उंबऱ्याशी उभे करत नव्हते त्यांना गणवेश मिळाला, ठरलेल्या तारखेला पगार मिळाला, आणि मागच्या गुन्ह्यांची माफी मिळाली. या तीन गोष्टींतली कोणती मोठी? नातवाला विचारले तर तो पगार म्हणाला. मी म्हणेन माफी. पगार तर ब्रिग्जही देत होता.

१८२७ च्या सुमाराची एक आठवण औट्रमच्या चरित्रात आहे ती मला फार आवडते. पलटण मालेगावच्या छावणीत गेली. तिथे औट्रमची जुनी २३ वी पलटण होती, तिच्यात उच्चवर्णीय शिपायांचा भरणा. ते भिल्लांना दूर ठेवतील अशी सर्वांची अटकळ. पण त्यांनी भिल्लांना जवळ बसवले, गप्पा मारल्या आणि पानसुपारी दिली. पानसुपारी म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या हातावर विडा ठेवणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. ही गोष्ट साहेबाच्या लेखणीतून आली आहे हे ध्यानात ठेवूनही ती मला खरी वाटते, कारण असली बारीकशी गोष्ट रचावी असे साहेबाला सुचले नसते.

आता वहीतल्या भाषेत बोलायचे तर 'दहशतवादाचा प्रतिकार' धरणगावी यशस्वी झाला. काही वर्षांतच खानदेशचे रस्ते पुष्कळ निर्धोक झाले. गॅझेटियर तर कौतुकाने भरून वाहते. पुढे मेवाडात खेरवाड्याला १८४१ साली याच धर्तीची भिल्ल पलटण निघाली, माळव्यातही निघाली. औट्रम १८३५ मध्ये खानदेश सोडून गेला, अफगाणिस्तान, सिंध, लखनौ करत सर झाला आणि १८६३ साली वारल्यावर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरला गेला. त्याच्यासारखा दिसणारा एक ओबडधोबड दगडी देव सापडला म्हणून जुन्या भिल्ल शिपायांनी त्याची 'औट्रम साहेब' म्हणून पूजा मांडली, अशीही कथा इंग्रजी पुस्तकांत आहे. असेल. आपल्याकडे शेंदूर लागायला फार कारण लागत नाही.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती साहेबाची गोष्ट होते. वर्गात मी सुरुवातीला इथेच थांबत असे, कारण पुस्तकात इतकेच होते आणि तासही संपायचा. पुढचे निवृत्तीनंतर वाचले.

पलटण एकदा हाताशी आली की तिला कामे लागतात. १८३० मध्ये ती डांगच्या मोहिमेवर गेली, म्हणजे डांगातल्या भिल्ल राजांवरच. १८३१ मध्ये यावल-सावद्याकडे दरोडे वाढले तेव्हा औट्रमला तपासाला पाठवले. त्याने संशयावरून ४६९ माणसे धरली. त्यांतल्या १५८ जणांना खटल्यासाठी पाठवले. मास्तर असल्यामुळे वजाबाकी करायची खोड आहे. ४६९ वजा १५८, उरले ३११. या तीनशे अकरा माणसांचे काय झाले, किती दिवस त्यांना अडकवून ठेवले, त्या हंगामात त्यांच्या घरी काय शिजले, याबद्दल साहेबाच्या चरित्रात ओळ नाही. सुरक्षेच्या अभ्यासक्रमात हा तीनशे अकरांचा धडा असावा असे मला वाटते.

पुढे १८५२ मध्ये तर भिल्लांचा संबंधच नव्हता. सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल भागातले शेतकरी जमिनीच्या नव्या मोजणीने आता सारा वाढणार म्हणून उठले. हजारोंनी लोक जमले. त्यांना दाबायला लष्कर आले आणि सोबत भिल्ल पलटणही आली. ज्या पाटील-देशमुखांच्या गावांची भिल्लांनी पिढ्यान्‌पिढ्या राखण केली, त्याच गावांवर आता त्यांना बंदूक घेऊन चालून जायला लावले. आपल्या लेवा आणि गुजर नातलगांपैकी कुणाच्या घरात याची आठवण असेल तर मला अवश्य कळवा.

आणि मग १८५७. उत्तरेत काय झाले ते सर्वांना ठाऊक असते, सातपुड्यात काय झाले ते शिरपूर-चोपड्याच्या पलीकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सेंधवा घाटाचा राखणदार होता खाज्या नाईक. त्याआधी त्याचा बाप गुमान नाईक ते काम करी. म्हणजे खाज्या सरकारचाच माणूस, सुरक्षाव्यवस्थेतलाच. एका आरोपीचा त्याच्या हातून मृत्यू झाला, त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, मुदतीआधी सुटका झाली. १८५७ मध्ये तो उठला. त्या नोव्हेंबरात त्याच्या लोकांनी सेंधवा घाटात इंदूरहून येणारा सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. भीमा नाईक त्याच्या जोडीला होता. तिकडे नाशिक-नगरच्या बाजूला भागोजी नाईक उठला. तोही पूर्वीचा पोलीस अंमलदार, १८५५ मध्ये शिक्षा झालेला.

म्हणजे बघा, १८०४ मध्ये जागले डोंगरात गेले आणि १८५७ मध्ये घाटाचा राखणदार आणि पोलिसातला अंमलदार डोंगरात गेले. दोन्ही वेळी बंडाचे पुढारी बाहेरून आले नाहीत, राखणीच्या कामावरून उठून गेले. मला या सगळ्या इतिहासात हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. खानदेशात भिल्ल हा सुरक्षेचा प्रश्न होण्याआधी सुरक्षाच होता. औट्रमने नवे काही शोधले नाही. मोडलेली नेमणूक त्याने परत दिली, एवढेच. मात्र देताना ती गावाकडून काढून सरकारच्या हातात ठेवली. गावाचा जागल्या गावाला जबाबदार असतो. सरकारचा शिपाई सरकार सांगेल तिकडे जातो, मग समोर सावद्याचा शेतकरी असो की आपलाच सोयरा.

समोर सोयरा आला तो ११ एप्रिल १८५८ रोजी, सातपुड्यात आंबापाणी इथे. एका बाजूला खाज्या आणि भीमा नाईकांचे भिल्ल, त्यांच्यात मकराणी आणि अरबही. दुसऱ्या बाजूला इंग्रजी फौज आणि तिच्यात कॅप्टन बर्चच्या हाताखालची धरणगावची भिल्ल पलटण. दिवसभर लढाई चालली. दोन्हीकडची माणसे पडली, इंग्रज अधिकारीही जखमी झाले. पकडलेल्यांपैकी अनेकांना तिथल्या तिथे लष्करी कोर्ट भरवून गोळ्या घातल्या. शेकडो बायका कैद झाल्या. गोळ्या झाडणाऱ्यांत आणि खाणाऱ्यांत एकाच कुळाची, एकाच देवाची माणसे किती होती, हे कुणी मोजले नाही. खाज्या नाईक १८६० मध्ये दग्याने मारला गेला.

पलटण टिकली. हळूहळू तिच्यातला लष्करी डौल गेला, खजिन्यावर, तुरुंगावर पहारे देण्याचे काम उरले, आणि १८९१ मध्ये ती पोलिसांत मिसळली. तोवर १८७८ चा जंगल कायदा आला होता आणि सावकारांनी ओव्हान्सने वाटलेल्या जमिनींचेही बरेच काही केले होते. पण तो विषय मोठा आहे, पुन्हा केव्हातरी.

नातू म्हणतो की धरणगावची पद्धत अजून चालू आहे, फक्त तिला आता साहेबाचे नाव नाही. गडचिरोलीत १९९० साली नक्षलवाद्यांविरुद्ध साठ स्थानिक तरुणांचे पथक काढले, ते सी-६०. जंगल ओळखणारी, गोंडी-माडिया बोलणारी मुले. पुढे पथक मोठे झाले, नाव तेच राहिले. शेजारच्या छत्तीसगडमध्ये थोड्या मानधनावर आदिवासी पोरांच्या हाती बंदुका देऊन त्यांना विशेष पोलीस अधिकारी केले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवले. दोन्ही एका मापाने मोजू नयेत हे मला कळते. सी-६० चा जवान रीतसर भरती झालेला पोलीस आहे, त्याला पगार, प्रशिक्षण, पेन्शन आहे. तरी समोर कोण आहे हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. तो निकाल नातवाच्या वहीत होता हे पाहून बरे वाटले.

धुळ्याला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ आहे. माझे दोन-तीन विद्यार्थी त्यात गेले. त्यांतला एक भिल्ल वस्तीवरचा, वर्गात गणिताला कच्चा पण पळण्यात पहिला. गडचिरोलीच्या बंदोबस्तावरून परत आल्यावर पेढे घेऊन भेटायला आला होता. म्हणाला, "सर, जंगल आपल्यासारखंच आहे, फक्त भाषा कळत नाही. गावात गेलं की म्हाताऱ्या माणसं आपल्याकडं बघतात ना, तसंच बघतात." मी त्याला धरणगावच्या पलटणीबद्दल विचारले. त्याने नाव ऐकले नव्हते. घरी, वस्तीवर कुणी कधी तिची गोष्ट सांगितली नव्हती. खाज्या नाईकाची मात्र त्याच्या आजीने सांगितली होती, आणि ती त्याने मला तासभर सांगितली. तिच्यातले निम्मे गॅझेटियरात नाही.